मदत हवी आहे: जुनं बैठं घर घेतलंय, बदामाची पानं, झावळ्या आणि आधीच्या मालकांचं सामान कुठे देऊ?

एकदाचंघर

मंडळी, आजवर फ्लॅटमध्येच राहिलो. कचरा दाराबाहेर ठेवायचा, सकाळी ताई न्यायच्या, पुढचं काही बघावं लागायचं नाही. दिवाळीनंतर पुण्यातच, सिंहगड रस्त्याच्या आतल्या बाजूला, एक पस्तीस वर्षांचं बैठं घर घेतलं. पुढे बदाम, मागे दोन माड, कुंपणावर बोगनवेल. बघायला आलो तेव्हा याच झाडांवर भाळलो होतो.

माघ लागला आणि बदामाने अंग झाडलं. रोज सकाळी दोन पोती पानं. सुपाएवढं एकेक पान, जाड, चिवट. आठवड्याला एखादी झावळी धाडकन पडते. बोगनवेल छाटली त्याचा डोंगर वेगळाच.

आधीचे काका-काकू मुलाकडे बंगळूरला गेले. जाताना काकू म्हणाल्या, "राहू दे हो, उपयोगी पडेल." त्या 'राहू दे'मध्ये निघालेल्या वस्तू: दोन लोखंडी कॉट, दार अडकलेलं पत्र्याचं कपाट, खालून वाळवी लागलेलं लाकडी कपाट, चार गाद्या (दोन कापसाच्या, एक काथ्याची, एक फोमची), डबा टीव्ही, नव्वदीतला फ्रीज, तडकलेली सिंटेक्सची टाकी, माळ्यावर वीसेक ट्यूबलाइट, एक पाटा-वरवंटा. शिवाय आम्ही बाथरूम नवं केलं, त्याच्या राडारोड्याची अकरा पोती.

आतापर्यंतचे पराक्रम: पहिल्याच आठवड्यात बोगनवेलीच्या फांद्या पोत्यात कोंबून ओल्या कचऱ्याशेजारी ठेवल्या. ताईंनी पोतं उचललं आणि काटा तळहातात. मान खाली घालून उभा राहिलो. त्या एवढंच म्हणाल्या, "दादा, झाडाचा कचरा आमच्या गाडीत नाही चालत. आणि काटे तरी सांगायचे." शेजारचे आजोबा म्हणतात, संध्याकाळी काडी लावा, अर्ध्या तासात राख. एक टेम्पोवाला साडेचार हजारांत 'सगळं साफ' करतो म्हणाला. कुठे नेणार विचारलं, तर "ते तुम्हाला काय करायचंय साहेब?" तिथेच थांबलो.

तर कुठलं कोणाला द्यायचं? बदाम तोडूनच टाकावा का, असंही मनात येऊन गेलं. घरात सांगितलेलं नाही.

गवतीचहा

काडी अजिबात लावू नका. उघड्यावर कचरा जाळायला राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ च्या निकालात सरसकट बंदी घातली आहे, साध्या जाळण्यालाही पाच हजारांचा दंड सांगितला आहे. दंड राहू द्या, ओलसर पानांचा तो धूर समोरच्या घरातल्या दम्याच्या माणसाला रात्रभर पुरतो. आमच्या गल्लीत ते माणूस म्हणजे माझे वडील. आजोबांना समजावून सांगा, भांडू नका, शेजार आयुष्यभराचा आहे.

ताईंचं बरोबर आहे. घनकचऱ्याच्या २०१६ च्या नियमांतही बागेचा कचरा आपल्याच आवारात वेगळा ठेवायचा आणि पालिका सांगेल तसा द्यायचा, असंच होतं. तुमच्या भागातल्या पालिकेच्या आरोग्य कोठीवर (सफाई कामगारांची हजेरी लागते तिथे) जाऊन मुकादमांना भेटा. फांद्यांची गाडी कधी आणि कशी येते ते तेच सांगतील. फोनपेक्षा समोर उभं राहिलेलं बरं.

कुदळफावडं

बदाम तोडायचा विचार आधी काढून टाका. १९७५ च्या झाडांच्या कायद्याप्रमाणे वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय शहरातलं झाड तोडता येत नाही, ते तुमच्या अंगणात असलं तरी. मोठ्या फांद्या छाटायच्या असल्या तरी आधी उद्यान विभागात विचारा. आणि वैशाखात त्या सावलीत खुर्ची टाकून बसाल तेव्हा माझी आठवण काढा.

आता पानं. माझ्या मते ती फाटकाबाहेर जायलाच नकोत. जाळीचा तीन-साडेतीन फूट रुंद, कंबरेएवढा उंच गोल पिंजरा करा, खाली फरशी नको, माती हवी. बदामाचं पान चिवट, अख्खं टाकलंत तर पत्रावळीसारखं एकावर एक चिकटतं, आत हवा जात नाही. उन्हात कडकडीत होऊ द्या आणि पोत्यात घालून पोरांना वर नाचवा. चुरा झाला की जागा निम्मी लागते.

नुसतं पान वर्षभर तसंच पडून राहतं, कारण त्यात कार्बन भरपूर, नायट्रोजन जवळजवळ नाही. कुजवणाऱ्या जिवाणूंना दोन्ही लागतं, साधारण तीसास एक. म्हणून वीतभर पानं, त्यावर स्वयंपाकघरातला ओला कचरा किंवा शेणकाला, पुन्हा पानं, असे थर द्या. आंबट ताक पाण्यात मिसळून शिंपडलंत तरी चालतं. ओल किती? मूठभर घेऊन पिळलं तर एखादा थेंब यावा, धार नको. वास आला तर ओलं जास्त झालं, पानं वाढवा. महिनाभर काहीच हललं नाही तर कोरडं पडलंय. पंधरा दिवसांनी फावड्याने खालवर करा. पावसाळा संपेपर्यंत ढीग बसतो आणि तळाला काळं, भुसभुशीत खत मिळतं. फार झाली पानं तर झाडांच्या बुंध्याशी आच्छादन घाला, फक्त खोडाला टेकवू नका.

झावळ्या पिंजऱ्यात घालू नका, त्या वर्षात कुजत नाहीत. पाती कापून हीर काढा, दोन झावळ्यांत एक खराटा होतो (माझ्या आजीचा हिशोब). पाती बारीक करून आच्छादनात, देठाकडचा जाड भाग वाफ्याच्या कडेला.

बोगनवेल मात्र खतात नको. पानं कुजतात, काटे राहतात आणि दोन वर्षांनी वाफ्यात हात घातलात की भेटतात. मागच्या कोपऱ्यात वाळवून मोळ्या बांधा, काट्यांची टोकं आत, आणि फांद्यांच्या गाडीला द्या. हातमोजे चामड्याचे, कापडी नव्हेत.

सदाफुली

पानं जास्त होत असतील तर पुण्यात 'ब्राऊन लीफ' नावाचा नागरिकांचा उपक्रम आहे, २०१६ पासूनचा. ज्यांच्याकडे वाळकी पानं आहेत आणि ज्यांना ती हवी आहेत त्यांची गाठ घालून देतात. मी गच्चीवर भाज्या लावते, दर फेब्रुवारीत मला पानं *हवी* असतात. तुमचं दुखणं ते माझं खत!

जुनाबाजार

सामानाचं मी सांगतो. चूक एकच होते: सगळं एकाच माणसाला उचलायला सांगायचं. तो लोखंड-तांबं ठेवतो आणि उरलेलं रात्री ओढ्याच्या काठी टाकतो.

लाकडी कपाट सर्वांत शेवटी. भंगारवाला किती म्हणाला? आतून, जिथे पॉलिश नाही तिथे, नखाने खरवडा. सागवान निघालं तर विकू नका, सुताराकडून खालचे आठ-दहा इंच कापून पाय लावून घ्या. पण वाळवीचं औषध मारल्याशिवाय घरात आणू नका.

कॉट आणि पत्र्याचं कपाट भंगारात, वजन डोळ्यांसमोर. टाकीचंही प्लास्टिक घेतात, नाहीतर आडवी कापून अळू लावा. कापसाच्या गाद्या गादीवाल्याकडे पिंजायला द्या, कापूस फुकट जात नाही. काथ्या आणि फोमला मात्र कोणी हात लावत नाही. त्यासाठी 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेला विचारा. घरातलं मोठं सामान, जुने कपडे, ई-कचरा ते 'व्ही-कलेक्ट' या उपक्रमातून गोळा करतात.

फ्रीज भंगारवाल्याला देऊ नका. तो तांब्याची नळी कापतो आणि आतला वायू फुस्सकन हवेत जातो. नव्वदीतल्या फ्रीजमध्ये बहुधा ओझोनला खाणारा सीएफसी असतो. डबा टीव्हीच्या काचेत शिसं असतं, ट्यूबमध्ये पारा. हे तिन्ही ई-कचरा गोळा करणाऱ्यांकडेच. ट्यूब फोडू नका, जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून उभ्या ठेवा.

एकदाचंघर

किती लिहिलंत! भंगारवाला कपाटाचे आठशे म्हणाला होता. काल खरवडलं. सागवान! आता ते आमच्या सौ.चं कपाट आहे, मला आत एक कप्पा मिळेल असं कळतं.

राडारोड्याचं मात्र कोणी सांगितलं नाही. शेजारी म्हणतात, मागच्या नाल्याच्या कडेला भर घाला, 'सगळेच टाकतात'.

पेठेतला

सगळेच टाकतात, म्हणूनच २५ सप्टेंबर २०१९ ची रात्र आली. अरण्येश्वर, टांगेवाले कॉलनी, सहकारनगर, कोणालाही विचारा आंबिल ओढा कसा घरात शिरला. पाऊस प्रचंड होता हे खरंच, पण ओढ्याची वाटही आपणच अरुंद केली होती. माझ्या मावशीच्या गाडीवर दुसऱ्या दिवशी दुसऱ्याची गाडी होती.

राडारोड्याला २०१६ पासून वेगळे नियम आहेत, तो घरच्या कचऱ्यात घालायचा नाही. क्षेत्रीय कार्यालयात विचारा, पैसे भरून उचलून नेतात. त्याआधी पोती उघडा. अख्ख्या विटा आणि फरशीचे तुकडे निवडलेत तर अकराची पाच होतील.

एकदाचंघर

तीन आठवड्यांनी हिशोब देतो. विटांतून मागच्या दारी पायरी झाली, थोडी तिरकी आहे. उरलेली साडेचार पोती पैसे भरून गेली. कॉट आणि पत्र्याचं कपाट भंगारात. फ्रीज, टीव्ही, ट्यूब आणि फोमची गादी एकाच दिवशी गेल्या, काथ्याची अजून आहे, तिच्यावर मांजर झोपतं. पिंजऱ्यात हात घातला तर आत चक्क ऊन लागलं! आजोबा रोज डोकावतात, परवा स्वतःच्या अंगणातली पानं घेऊन आले. ताईंना चामड्याचे हातमोजे दिले. त्यांनी घालून बघितले आणि म्हणाल्या, मोठे होतात.

आता फक्त पाटा-वरवंटा राहिला. भंगारवाला हसला, ई-कचरावाले हसले, सुतारही हसला. दगड चांगला आहे, दोन माणसं लागतात उचलायला. कोणाला हवा आहे का?

सदाफुली

मला. टाकी लावून (छिन्नीने टोचून पुन्हा खरखरीत करून) घ्यावा लागेल ना? माणूस माझ्या ओळखीचा आहे. रविवारी दोन पोती पानंही काढून ठेवा.