आईसाठी कॅल्शियमची गोळी: कार्बोनेट की सायट्रेट?

रानजाई: आई ६२ वर्षांची आहे, डेक्सा स्कॅनमध्ये (हाडांची घनता मोजणारी तपासणी) हाडं ठिसूळ होतायत असं आलंय. डॉक्टरांनी कॅल्शियम सुरू करा म्हटलं पण मेडिकलवाला विचारतो कार्बोनेट देऊ का सायट्रेट. तिला थायरॉइडची गोळी आणि अ‍ॅसिडिटीसाठी रोज पॅन्टोप्राझोल चालू आहे, काय घ्यावं?

फार्मसीवाली: पॅन्टोप्राझोल रोज असेल तर सायट्रेटबद्दल डॉक्टरांना नक्की विचारा, कारण कार्बोनेट शोषलं जायला पोटात अ‍ॅसिड लागतं आणि ती गोळी तेच कमी करते. कार्बोनेट जेवणासोबतच घ्यायचं, सायट्रेट कधीही चालतं. आणि पाकिटावर एलिमेंटल कॅल्शियम, म्हणजे गोळीतलं प्रत्यक्ष कॅल्शियम, किती ते बघा, कार्बोनेटमध्ये ४० टक्के असतं म्हणजे १२५० मिग्रॅच्या गोळीत ५००, सायट्रेटमध्ये साधारण २१ टक्केच, त्यामुळे गोळ्या जास्त लागतात. एका वेळी ५०० मिग्रॅच्या वर नको.

कोकणकडा: थायरॉइडच्या गोळीत आणि कॅल्शियममध्ये ४ तास अंतर ठेवा प्लीज, हे कोणी सांगतच नाही! सकाळी उपाशीपोटी थायरॉइड, कॅल्शियम दुपारच्या जेवणानंतर. मुतखडा झाला असेल तर तेही आधी सांगा.

रानजाई: मुतखडा नाही. नाचणी, दूध चालू आहे तिचं, तरी गोळी लागेल का?

फार्मसीवाली: नाचणी छानच, १०० ग्रॅममध्ये साडेतीनशे मिग्रॅच्या आसपास कॅल्शियम असतं. पाळी गेल्यावर रोजची गरज १२०० मिग्रॅ धरतात, त्यातून जेवणातलं वजा करा, उरेल तेवढंच गोळीतून. व्हिटॅमिन डी३ तपासलंय ना?