टमी टकनंतर घरी काय तयारी ठेवू? (सांगली)

निशिगंध_सांगली
नमस्कार. पुढच्या महिन्यात पुण्यात माझं टमी टक (पोटाची सैल कातडी काढून स्नायू शिवण्याचं ऑपरेशन) ठरलंय. दोन सिझेरियननंतर पोटाचे स्नायू मधोमध फाकलेत, व्यायाम करूनही जुळले नाहीत, कंबर सतत धरते. सर्जनवर विश्वास आहे, काळजी घरी आल्यानंतरची आहे. आई आणि सासूबाई बाळंतपणासारख्या तयारीला लागल्यात: शेक-शेगडी, डिंकाचे लाडू, टाक्यांवर राजापुरी हळद, महिनाभर अंथरूण सोडायचं नाही. यातलं काय चालतं? पुणे-सांगली प्रवास कसा करावा? आणि घरी भारतीय पद्धतीचा संडास आहे.

कराडची_माई
ताई, माझं हेच ऑपरेशन झालंय. सगळ्यात आधी शेगडी माळ्यावर टाका. पोटाची कातडी उचलून, ताणून पुन्हा शिवलेली असते, त्यात बारीक नसा तुटतात. बेंबीखालचा भाग कित्येक महिने बधिर राहतो. गरम पिशवीचा चटका बसतोय हेच कळत नाही, थेट फोडच दिसतो. हळद आमटीत खा, टाक्यांवर डॉक्टरांनी दिलेल्याशिवाय काहीही लावायचं नाही.

दोन्ही बाजूंना बहुधा नळ्या असतील. त्यांना रबरी फुगा असतो, त्यात पातळ लालसर पाणी जमतं. रोज ठरल्या वेळी ते मापात ओतून वहीत मि.ली. लिहून ठेवा. रिकामा केल्यावर फुगा मुठीत पूर्ण दाबून धरायचा आणि दाबलेला असतानाच बूच लावायचं, तरच तो पुढचं पाणी ओढतो. हे हॉस्पिटलमध्ये नर्सकडून स्वतःच्या हातानं शिकून या. बरेच सर्जन चोवीस तासांत साधारण 30 मि.ली.च्या खाली आल्यावर नळी काढतात, म्हणून ती वही महत्त्वाची. आंघोळीची परवानगी मिळाली की गळ्यात नाडी बांधून फुगे तिला अडकवा, लोंबकळले की टाका ओढला जातो.

झोपताना पाठीमागे उशा, गुडघ्याखाली लोड. सुरुवातीला वाकूनच चालावं लागतं, ताठ व्हायची घाई नको. खोकला आला की पोटाशी उशी घट्ट धरा.

फिजिओ_मिरज
महिनाभर अंथरुणात पडून राहायचं हे मात्र घरच्यांना ठामपणे नाही म्हणा. पडून राहिलं की पायाच्या शिरांत रक्ताची गुठळी होऊ शकते, ती फुप्फुसात गेली तर जिवावर बेततं. बहुतेक सर्जन त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी उठवून चालवतात. घरीही दिवसातून बऱ्याचदा खोलीतल्या खोलीत चाला, बसल्या जागी घोटे वरखाली करत राहा.

एकाच पायाची पोटरी सुजून दुखायला लागली, धाप लागली किंवा छातीत दुखलं, तर फोनाफोनीत वेळ घालवू नका, तडक जवळचं मोठं हॉस्पिटल गाठा. ताप 100.4 च्या वर, टाक्यांना वास किंवा पू, कातडीची कड काळपट, पोटाची एक बाजू अचानक फुगून टणक होणं, यातलं काहीही दिसलं तर रात्र असली तरी सर्जनला कळवा.

बेल्ट सर्जन देतील तोच वापरा. बाळंतिणीचं पोट बांधतात तसं धोतराच्या पट्टीनं आवळू नका. स्नायू शिवलेले असल्यानं साधारण सहा आठवडे जड उचलणं, पोटाचे व्यायाम बंद.

वाईकर_वहिनी
एक गोष्ट कुणी विचारत नाही म्हणून विचारते. मिश्री लावता का? आपल्याकडं कितीतरी बायका लावतात आणि डॉक्टरांनी ‘तंबाखू खाता का’ विचारलं की नाही म्हणतात. मिश्री तंबाखूच असते. हिरडीतून निकोटिन रक्तात जातं, बारीक रक्तवाहिन्या आवळतात आणि ताणलेल्या कातडीला रक्त पुरत नाही, ती कड मरू शकते. लावत असाल तर आजच सर्जनला सांगा. ऑपरेशनच्या निदान चार आठवडे आधी सोडावी लागते आणि नंतरही तेवढीच.

तासगावचा_नवरा
बायकोच्या वेळचा अनुभव सांगतो. लगेच परतू नका, सर्जन सांगतील तितके दिवस पुण्यातच नातेवाइकांकडे राहा. मग मोठी गाडी, सीट मागे झुकवलेली, पट्टा आणि पोट यांच्यामध्ये मऊ उशी. दर तासाभरानं उतरून चालवलं, त्यामुळं सातारा, कराड करत सावकाश आलो. संडासात उकिडवं बसता येणार नाही. मिरजेत सर्जिकलच्या दुकानात कमोड खुर्ची विचारा, आधीच आणून ठेवा.

निशिगंध_सांगली
सगळ्यांचे मनापासून आभार. मिश्री लावत नाही. लाडवांचं काय करू? आणि धाकटा चार वर्षांचा आहे, दिसेल तिथं ‘उचल’ म्हणतो.

कराडची_माई
लाडू एखादा चालेल, पण जखम भरायला प्रथिनं लागतात: अंडी, मटकीची उसळ, दही, हुलग्याचं माडगं. वेदनाशामक गोळ्यांनी मलावरोध होतो आणि कुंथणं शिवलेल्या स्नायूंना वाईट, म्हणून पाणी भरपूर प्या, इसबगोल विचारून सुरू करा. लोणचं-पापड कमी, मिठानं सूज वाढते. सूज पूर्ण उतरायला काही महिने जातात, व्रण फिका व्हायला वर्षही लागतं, त्यामुळं पहिल्या आठवड्यात आरशात बघून रडू नका.

धाकट्याला आत्तापासूनच सवय लावा: तुम्ही खुर्चीत बसायचं आणि त्यानं पाटावर चढून शेजारी येऊन बिलगायचं.