रोजच्या धावपळीत आशा कशी धरायची?

प्रश्न (वसईकर): आमच्या ह्यांचं आठवड्यातून तीनदा डायलिसिस असतं, 4 वर्षं झाली. पोप फ्रान्सिस यांनी 2025 हे जुबिली वर्ष, म्हणजे चर्चचं पवित्र वर्ष, जाहीर केलं, 'आशेचे यात्रेकरू' हे ब्रीद दिलं. मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, ते ऐकताना डोळे भरून आले होते. पण पहाटे 5 वाजता बिनमिठाची भाजी डब्यात भरताना ती आशा हाताला लागत नाही. तुम्ही काय करता?

उत्तर (नगरहून): ताई, बायबलमधल्या रोमकरांस पत्राचा 5 वा अध्याय सावकाश वाचा. ते पत्र लिहिणारा संत पौल संकटातून धीर, धीरातून शील आणि मग आशा असा क्रम लावतो. आशा शेवटी येते. तुमचा तो डबा म्हणजे धीरच आहे. मुलाच्या आजारपणात मला हे फार उशिरा कळलं.

उत्तर (पुण्याहून): डायलिसिसच्या वेळी शेजारच्या खाटेवर कोण असतं? आईला घेऊन जायचे तेव्हा मी बाहेर बसलेल्या नातेवाइकांसाठी चहाचा थर्मास न्यायचे. माझी बंद पडलेली प्रार्थना तिथूनच परत सुरू झाली.

वसईकर: बाजूच्या आजोबांसोबत कुणीच नसतं. परसातला सोनचाफा फुललाय. उद्या दोन फुलं त्यांच्या उशाशी ठेवते.