एमटीबी १०२: प्रयोगाची बोट की फ्लॅगशिप?

दर्याखुळा: डंकर्कबद्दल (१९४० ला फ्रान्सच्या किनाऱ्यावरून अडकलेलं सैन्य बोटींनी इंग्लंडला परत आणलं ते) वाचतोय तर ब्रिटिशांच्या एमटीबी १०२ (मोटर टॉर्पेडो बोट) चं नाव सारखं येतंय. एकीकडे प्रयोगासाठी बांधलेली बोट म्हणतात, दुसरीकडे अ‍ॅडमिरलची फ्लॅगशिप, म्हणजे तो जिच्यावर आपला झेंडा लावून हुकूम देतो ती. ६८ फुटांची लाकडी बोट फ्लॅगशिप कशी काय? कुणी नीट सांगेल का?

नाळवरचा: दोन्ही खरंय. व्हॉस्पर कंपनीने नौदलाची ऑर्डर नसताना स्वतःच्या पैशातून १९३७ ला बांधली, डिझाइन पीटर ड्यू केन यांचं, नौदलाने नंतर विकत घेतली. सुरुवातीला टॉर्पेडोची नळी थेट नाळेतून (बोटीच्या पुढच्या टोकातून) होती, ती काढून मग दोन्ही बाजूंना २१ इंची नळ्या बसवल्या, आणि पुढच्या व्हॉस्पर बोटींनी तीच मांडणी उचलली. म्हणजे प्रयोग वाया गेला नाही, माझ्या मते हेच तिचं खरं काम.

सारंग_७१: आणि डंकर्क विसरू नका! मे-जून १९४० मध्ये आठ वेळा इंग्लिश खाडी ओलांडली तिने, लेफ्टनंट ड्रेयर कमांडर होते. १ जूनला जर्मन विमानांनी कीथ विनाशिका बुडवली तेव्हा रिअर अ‍ॅडमिरल वेक-वॉकर या बोटीवर आले आणि इथूनच काम चालवलं, अ‍ॅडमिरलचा झेंडा नव्हता तर भांडी पुसायच्या फडक्यावर रंगवून लावला. अशा वेळी बोट केवढी हे कोण बघतंय, इकडून तिकडे पटकन जाता येणं महत्त्वाचं.

दर्याखुळा: वा, झेंड्याचं माहीत नव्हतं. पण मग एवढा वेग कशामुळे?

नाळवरचा: तीन इसोटा फ्रास्किनी पेट्रोल इंजिनं, प्रत्येकी हजारावर हॉर्सपॉवर. रिकामी ४८ नॉट म्हणजे ताशी जवळजवळ ९० किमी, टॉर्पेडोसकट ४३. पण इंजिनं इटालियन, आणि १० जून १९४० ला इटलीच युद्धात उतरली, पुरवठा बंद! मग व्हॉस्परला नव्या बोटींत कमी ताकदीची अमेरिकन हॉल-स्कॉट बसवावी लागली, वेग पडला, पुढे पॅकार्ड कंपनीची इंजिनं मिळाली तेव्हा कुठे गाडी रुळावर आली. एवढ्या महत्त्वाच्या बोटीचं इंजिन परक्या देशावर सोडणं मला तरी मोठीच चूक वाटते.

सारंग_७१: १९४३ ला ती आर्मीकडे गेली, नाव व्हिमी, सरावासाठी टार्गेट ओढायची. तरी १९४४ ला नॉर्मंडीच्या (फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या) चढाईच्या तयारीतली जहाजं बघायला चर्चिल आणि आयझेनहॉवर तिच्यावरूनच गेले. युद्धानंतर विकली गेली, पुढे इंग्लंडमधल्या नॉरफोकच्या सी स्काउट्सकडे होती, आता एक ट्रस्ट सांभाळतो आणि बोट अजून चालते.