केटी लागलेली असताना डिफर्ड एमबीएसाठी अर्ज करावा का?

ऐरोली_अंतिमवर्ष

नमस्कार. मी ऐरोलीला राहते आणि नवी मुंबईतल्या एका महाविद्यालयात मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. शिकत असतानाच प्रवेश पक्का करायचा आणि काही वर्षे नोकरी करून मग एमबीएला जायचे, अशी डिफर्ड प्रवेशाची सोय देणाऱ्या हार्वर्डच्या टू प्लस टू आणि व्हार्टनच्या मोलिस ॲडव्हान्स ॲक्सेसबद्दल मी वर्षभर वाचते आहे. जीमॅट या एमबीएच्या प्रवेश परीक्षेत ६६५ मिळाले आहेत. अडचण पदवीच्या गुणांची आहे.

तिसऱ्या सेमिस्टरमध्ये बाबांची बायपास झाली. रबाळे एमआयडीसीत आमचा लहानसा वर्कशॉप आहे. तिथल्या ऑर्डरी थांबू नयेत म्हणून कॉलेज सुटल्यावर मी रोज तिकडे जात होते. त्या सेमिस्टरला गणितात केटी लागली, म्हणजे तो विषय राहिला. ती पुढच्याच परीक्षेत सुटली, पण एसजीपीआय (त्या सेमिस्टरची १० पैकी सरासरी) ५.८ वर आला आणि चौथ्या सेमिस्टरला ६.१ मिळाला. त्यानंतर अनुक्रमे ८.२ आणि ८.५ मिळाले असून आजवरचा सीजीपीआय, म्हणजे सर्व सेमिस्टरची मिळून सरासरी, ७.०३ आहे. मैत्रीण म्हणते की ४ पैकी किती होतात ते काढायला याला ०.४ ने गुणले तर २.८ येतात आणि हार्वर्डची सरासरी ३.७ च्या आसपास असते, तेव्हा पैसे वाया घालवू नकोस. केटीचा उल्लेख करावा की नाही, हेही मला ठरवता येत नाही.

नौपाडेकर

तो गुणाकार आधी मनातून काढून टाका. हार्वर्ड जी सरासरी जाहीर करते ती ४ पैकी गुण देणाऱ्या संस्थांमधून आलेल्या विद्यार्थ्यांची असते, त्यामुळे मुंबई विद्यापीठाचे ७.०३ तिच्या शेजारी ठेवून काहीच सिद्ध होत नाही. अर्जातही ग्रेड कार्डावर छापलेला आकडा, आहे त्याच मापात लिहायचा असतो. स्वतः रूपांतर करायला जाऊ नका.

केटी लपवण्याचा विचार मात्र करूच नका. सर्व सेमिस्टरची ग्रेड कार्डे द्यावी लागतात आणि प्रवेश मिळाल्यावर कागदपत्रांची पडताळणी होते. माझा सीजीपीआय ७.४ होता आणि मलाही एक केटी होती. एका अमेरिकी विद्यापीठात डिफर्ड प्रवेश मिळाला, आता तळोज्याच्या कारखान्यात नोकरीची वर्षे पुरी करतो आहे. अनुभवाने सांगतो, वाचणाऱ्याच्या मनात प्रश्न एकच असतो: या मुलीला वर्गातले आकडेमोडीचे काम आज झेपेल का? पाचव्या आणि सहाव्या सेमिस्टरचे गुण त्याचे अर्धे उत्तर देतात. उरलेल्या अर्ध्यासाठी एनपीटीईएल या आयआयटींच्या ऑनलाइन कोर्सच्या संकेतस्थळावर संभाव्यता आणि संख्याशास्त्राचा आठ किंवा बारा आठवड्यांचा कोर्स घ्या. त्यात २५ टक्के गुण असाइनमेंटचे आणि ७५ टक्के गुण केंद्रावर जाऊन द्यायच्या परीक्षेचे असतात, म्हणून त्या प्रमाणपत्राला वजन आहे. केटी गणितातच लागली असल्याने दुसऱ्या कुठल्याही विषयापेक्षा हा उपयोगी पडेल.

तुम्ही वर्कशॉपचा उल्लेख ओझे म्हणून केला आहे, पण मला तर अर्जाचा कणा तोच वाटतो. टू प्लस टूमध्ये उत्पादन क्षेत्रात किंवा तांत्रिक कामात जाऊ पाहणाऱ्या, एमबीएची वाट सहसा न धरणाऱ्या विद्यार्थ्यांकडे मुद्दाम लक्ष दिले जाते. तिथे तुम्ही नेमके काय करत होता, ते सांगा.

वाशीची_ताई

माझा अनुभव वेगळा आहे, म्हणून लिहिते. मला शेवटच्या वर्षाला दोन ठिकाणांहून नकार आला होता. महिनाभर वाईट वाटले, पण चार वर्षे नोकरी केल्यावर नेहमीच्या फेरीतून प्रवेश मिळाला. आधीचा नकार आड आला नाही. खर्चाचा विचार करत असाल तर टू प्लस टूचे अर्जशुल्क १०० डॉलर आहे आणि नेहमीच्या एमबीएचे २५०, म्हणजे आत्ता प्रयत्न करणे उलट स्वस्त पडते. हैदराबाद आणि मोहालीच्या आयएसबी या बिझनेस स्कूलमध्ये विद्यार्थ्यांसाठी काय सोय आहे, तेही बघा. मात्र पाच-सहा ठिकाणी एकच निबंध फिरवून पाठवू नका, माझी चूक तीच झाली होती. टू प्लस टूची मुदत एप्रिलमध्ये संपते आणि तेव्हा तुमच्या आठव्या सेमिस्टरची परीक्षा तोंडावर असेल, म्हणून शिफारसपत्रांसाठी आत्ताच बोलून ठेवा.

ऐरोली_अंतिमवर्ष

दादा, ताई, मनापासून आभार. वर्कशॉपमध्ये मी नाकारलेल्या नगांची वही ठेवत होते. एका बुशचे बोअर (आतले भोक) सारखे मापाबाहेर जात होते आणि सगळ्यांना मशीन जुने झाल्याची शंका होती. दीड महिन्याच्या नोंदी मांडल्यावर दिसले की एकच इन्सर्ट (हत्याराचे बदलता येणारे पाते) १८० नगांच्या पुढे वापरला की बिघाड सुरू होतो. त्याआधीच तो बदलायचा असे ठरवले आणि दिवसाला वीस-बावीस नग बाद होत होते ते तीन-चारवर आले.

केटीबद्दल असे लिहिले आहे, कृपया तपासावे: "माझ्या वडिलांच्या आजारपणामुळे मला अभ्यासाला वेळ मिळाला नाही. शिवाय महाविद्यालयाने पुनर्मूल्यांकनाचा निकाल फार उशिरा दिला आणि पेपरही अपेक्षेपेक्षा कठीण होता. हे गुण माझी खरी क्षमता दाखवत नाहीत."

नौपाडेकर

वहीची गोष्ट जशी इथे लिहिलीत तशीच निबंधात लिहा, त्यात एकही विशेषण वाढवू नका.

स्पष्टीकरणातली दोन वाक्ये काढावी लागतील. निकाल उशिरा लागला हे खरे असेल आणि त्याचा त्रासही झाला असेल, पण केटी त्यामुळे लागली नाही. पेपर कठीण होता असे म्हटले की वाचणारा लगेच विचारतो की बाकीचे पास कसे झाले. शेवटचे वाक्य तर वाचणाऱ्याने स्वतः म्हणायचे आहे, तुम्ही नव्हे. मी असे लिहिले असते: "तिसऱ्या सेमिस्टरमध्ये वडिलांच्या हृदयशस्त्रक्रियेनंतर मी सात महिने त्यांचा वर्कशॉप सांभाळला आणि गणितात नापास झाले. पुढच्या परीक्षेत तो विषय सुटला, पाचव्या सेमिस्टरपासून माझा एसजीपीआय ८ च्या वर आहे." महिने तुमचे तुम्ही बरोबर घाला.

वाशीची_ताई

आणि दोनपैकी एक शिफारसपत्र तरी तुमचे काम जवळून पाहिलेल्या माणसाचे असू द्या. विभागप्रमुखांचे नाव मोठे असले तरी त्यांना तुमचा रोल नंबर सोडून काही आठवत नसेल तर ते पत्र कोरडे होते. वडिलांचे मात्र चालणार नाही. इंटर्नशिप केली आहे का?

ऐरोली_अंतिमवर्ष

हो ताई, उन्हाळ्यात महाप्याच्या एका कंपनीत क्वालिटी विभागात दोन महिने होते. तिथल्या साहेबांनी माझी वही मागून घेऊन पाहिली होती आणि त्याच पद्धतीने त्यांच्या लाइनवर नोंदी ठेवायला सांगितले होते. सोमवारी त्यांना भेटून विचारते. सात नाही, साडेपाच महिने होते, ते दुरुस्त केले आहे.