थंडी सोसण्याची ताकद: जनुकात की अंगवळणी?

उत्तरवारा:
स्वीडनच्या कॅरोलिन्स्का संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग वाचला आणि माझं मत पक्कं झालं. ४२ पुरुषांना १४ अंश सेल्सिअसच्या पाण्यात बसवलं होतं. एसीटीएन३ जनुकाची एक आवृत्ती अशी आहे, की आईवडील दोघांकडून तीच आली तर वेगवान (झटपट आकुंचन पावणाऱ्या) स्नायूंत अल्फा-ॲक्टिनिन-३ हे प्रथिन तयारच होत नाही. अशांपैकी ६९ टक्के जणांनी शरीराचं तापमान ३५.५ अंशांच्या वर राखलं. प्रथिन असलेल्यांत हे प्रमाण ३० टक्के. आणि पहिल्या गटाचं कुडकुडणंही कमी, कारण संथ (हळू आकुंचन पावणारे) स्नायू ताठ राहून ऊब देत होते. आफ्रिकेच्या बऱ्याच भागांत असे लोक जेमतेम एक टक्का, युरोपात सुमारे अठरा. माणूस उत्तरेकडे सरकत गेला तशी थंडीनंच ही निवड केली, हे उघड आहे.

गारगोटी:
मला अजिबात उघड वाटत नाही. पाण्यात बसलेले ते तरुण काही उत्तर ध्रुवाकडचे इनुइट किंवा सैबेरियातले आदिवासी नव्हते. तास-दोन तासांचा गारठा वेगळा आणि अर्धपोटी काढलेला अख्खा हिवाळा वेगळा. शिवाय आफ्रिकेतून बाहेर पडलेल्या टोळ्या लहान होत्या. लहान टोळीत एखादी आवृत्ती निव्वळ योगायोगानंही वाढते.

आता कोरियाच्या जेजू बेटावरच्या हेन्यो बघा. या पाणबुड्या बायका पूर्वी साध्या सुती कपड्यांत हिवाळ्याच्या समुद्रात बुड्या मारून शंख-शिंपले काढायच्या. थंडीच्या दिवसांत त्यांच्या शरीराचा विश्रांतीतला ऊर्जाखर्च वाढायचा. १९७० च्या दशकात रबरी पोशाख आले आणि काही वर्षांतच ती वाढ नाहीशी झाली. जनुकं होती तीच होती.

उत्तरवारा:
हेन्योंचा मुद्दा सवयीपुरता खरा. पण ग्रीनलँडच्या इनुइटांचं काय? २०१५ च्या अभ्यासात टीबीएक्स१५ जनुकाजवळ नैसर्गिक निवडीच्या ठळक खुणा सापडल्या, आणि त्या जनुकाचा संबंध शरीरातल्या चरबीच्या ठेवणीशी आहे.

सांजपक्षी:
टीबीएक्स१५ जवळचा तो डीएनएचा तुकडा डेनिसोव्हन या नामशेष मानवांसारख्या पूर्वजांकडून आलेला दिसतो, आणि तो फक्त ध्रुवाजवळ नाही. पूर्व आशियात आणि अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांतही तो भरपूर आढळतो. त्यामुळे इनुइटांच्या थंडीशी त्याची थेट गाठ मारता येत नाही.

मला जास्त काळजी वाटते ती सीपीटी१ए जनुकाची. त्याची एक आवृत्ती इनुइटांत आणि ईशान्य सैबेरियात फार आढळते. सील-व्हेलच्या चरबीवर जगण्याशी तिचा संबंध जोडला जातो. पण हीच आवृत्ती असलेलं तान्हं बाळ आजारपणात उपाशी राहिलं तर त्याच्या रक्तातली साखर धोकादायक उतरू शकते. तिला ‘थंडीचं वरदान’ म्हणून मोकळं झालो तर ‘बाळ आजारी असेल तर वरचेवर पाजत राहा’ हे आयांना सांगायचं कोणी?

आणि दक्षिण अमेरिकेच्या दक्षिण टोकाच्या तिएरा देल फुएगोतले यागान लोक अंगाला सीलची चरबी चोळत, होडीतही आग पेटती ठेवत. जनुकाआधी हे कौशल्य मोजा की!

उत्तरवारा:
कौशल्य मान्य. पण त्यांच्याच शेजारच्या कावेस्कर लोकांचा विश्रांतीतला ऊर्जाखर्च मोजला तेव्हा तो जास्त भरला होता. सगळंच आगीच्या आणि चरबीच्या खात्यावर टाकू नका.

गारगोटी:
ते हेन्योंसारखं सवयीनंही होऊ शकतं. एकाच वस्तीतले, एकच अन्न खाणारे, प्रथिन असलेले आणि नसलेले लोक शेजारी बसवून, त्यांच्या संमतीनं, थंडीत मोजा. त्यात फरक दिसला तर मी तुमच्या बाजूला येईन.