मदत हवी आहे: गिल्ड वॉर्स २ मध्ये बऱ्याच वर्षांनी परततोय, एक्स्पान्शन कुठली घेऊ?

भटका_रेंजर

नमस्कार मंडळी. इथे गेम खेळणारे कमीच, तरी विचारून बघतो.

गिल्ड वॉर्स २ हा ऑनलाइन गेम मी २०१२ मध्ये आला तेव्हापासून खेळत होतो. २०१५ मध्ये हार्ट ऑफ थॉर्न्स हे एक्स्पान्शन (मूळ गेमला जोडून विकत घ्यायचा नवा भाग) आलं तेही घेतलं. माझा रेंजर (पाळीव प्राणी सोबत घेऊन लढणारं पात्र) त्यात ड्रुइड, म्हणजे रेंजरचाच एक खास प्रकार, झाला. लिव्हिंग वर्ल्डच्या (एक्स्पान्शनच्या अधेमधे येणारी गोष्ट) तिसऱ्या सीझनचे पहिले तीन भाग आले तोवर रोजची हजेरी होती. मग लग्न, बदली, मुलगी, आणि खेळ सुटला तो सुटलाच. आता लेक रात्री वेळेवर झोपायला लागलीये. परवा सहज लॉगिन केलं तर स्वारी लायन्स आर्च शहरात सोडली होती तिथेच उभी. आजूबाजूला लोक ड्रॅगनसारख्या कशावर तरी बसून उडतायत, एक जण चक्क कासवावर, आणि आम्ही आपले पायी.

मधल्या काळात पाच एक्स्पान्शन येऊन गेलीत: पाथ ऑफ फायर, एंड ऑफ ड्रॅगन्स, सीक्रेट्स ऑफ दि ऑब्स्क्युअर, जांथिर वाइल्ड्स आणि व्हिजन्स ऑफ इटर्निटी. पहिली दोन २९.९९ डॉलरची, पुढची तीन २४.९९ ची. सगळी मूळ किमतीत घेतली तर १३५ डॉलर. घरखर्चात गुपचूप सरकवता येईल असा आकडा नाही हा. आत्ता एक घेईन, दुसरं जमलं तर दिवाळीत.

माझं खेळणं म्हणाल तर एकट्याने नकाशे पालथे घालणं आणि स्टोरी. रेडच्या (गटाने लढायच्या अवघड लढाया) वाटेला जाणार नाही. रात्री साडेदहा ते बारा, तेवढाच वेळ. सर्व्हर युरोपचा आहे.

पाथ ऑफ फायरसोबत हार्ट ऑफ थॉर्न्स मिळतं असं दिसतंय. माझ्याकडे ते आहेच, मग त्याचे पैसे पुन्हा भरायचे का? स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात सेलमध्ये रुपयांत स्वस्त पडेल, तिथून घेऊ का? आणि मधली सोडून थेट शेवटचं घेतलं तर काही अडतं का?

खडूस_नेक्रो

स्टीमवरून घेऊ नका. ठळक अक्षरांत वाचा.

हा गेम स्टीमवर आला ऑगस्ट २०२२ मध्ये. तुमचं खातं त्याआधीचं, थेट अरीनानेटचं, म्हणजे गेम बनवणाऱ्या कंपनीचं. स्टीमवर घेतलेलं एक्स्पान्शन त्या खात्याला लागत नाही, तिथे नवं कोरं खातं उघडतं. म्हणजे रेंजर एकीकडे आणि एक्स्पान्शन दुसरीकडे. अधिकृत साइटवर जुन्या खात्याने लॉगिन करून तिथूनच घ्या. सेल तिथेही लागतात, घाई नसेल तर थांबा. कुठल्या तरी साइटवर अर्ध्या किमतीत मिळणाऱ्या कीच्या (गेम उघडायचा कोड) नादी तर मुळीच लागू नका. चोरीच्या कार्डावर घेतलेली निघाली तर भुर्दंड तुम्हालाच.

रानजाई

भटका, घरी स्वागत!

पहिल्या शंकेचं आधी. पाथ ऑफ फायर आता सुटं मिळतच नाही. हार्ट ऑफ थॉर्न्स त्याच्यासोबत फुकट येतं, त्यामुळे तुम्हाला त्याची वजावट मिळणार नाही. मनाला लागतं, पण इलाज नाही.

तरीही माझं मत पाथ ऑफ फायरच. कारण एकच: माउंट, म्हणजे बसून फिरायची जनावरं. स्टोरी सुरू होता होता क्रिस्टल ओएसिसमध्ये रॅप्टर मिळतो, पुढच्या नकाशात उंच उडी मारणारा स्प्रिंगर, मग पाण्यावरून तरंगत जाणारा स्किमर, मग वाळूतल्या पोर्टलमधून पलीकडे निघणारा जॅकल. नुसती वेगाने पळणारी घोडी नाहीत ही, प्रत्येकाची चाल वेगळी आणि नकाशेही त्या चालींसाठीच बेतलेले. तुम्ही नकाशे पालथे घालणारे आहात, म्हणजे २०१२ चे जुने नकाशेही नव्याने फिराल. जिथे पूर्वी पाच मिनिटं वळसा घालावा लागायचा तिथे स्प्रिंगरची एक उडी.

आणि रेंजरला ड्रुइडसारखाच सोलबीस्ट हा आणखी एक प्रकार मिळतो. पेटमध्ये विलीन होऊन खेळायचं. एकट्याने फिरायला ड्रुइडपेक्षा शंभर पटीने बरं. तुमचा स्मोकस्केल पाळलेला असेलच, त्याच्याशी विलीन व्हा आणि मजा बघा.

उणी बाजूही सांगते. गर्दीच्या मोठ्या मेटा इव्हेंटसाठी (अख्ख्या नकाशाने मिळून लढायच्या लढाया) हे एक्स्पान्शन प्रसिद्ध नाही. त्यासाठी लोक अजूनही तुमच्याकडे आधीच असलेल्या हार्ट ऑफ थॉर्न्सच्या ऑरिक बेसिन नकाशात जमतात.

ढगात_पाय

असहमत. २०१९ मध्ये हे उत्तर बरोबर होतं. आज मी सीक्रेट्स ऑफ दि ऑब्स्क्युअर सुचवेन.

ते ड्रॅगनसारखं उडणारं जे दिसलं ते स्कायस्केल. पूर्वी ते मिळवायला चौथ्या सीझनमध्ये लांबलचक कलेक्शन करावं लागायचं, लोक रडकुंडीला यायचे. २०२३ च्या या एक्स्पान्शनमध्ये त्याहून कितीतरी लवकर मिळतं. शिवाय वेपनमास्टर ट्रेनिंग आहे, म्हणजे एलिट स्पेशलायझेशनची (ड्रुइड, सोलबीस्टसारखे प्रकार) शस्त्रं ते स्पेशलायझेशन न लावताही वापरता येतात. हातात रोज दीड तास असेल तर थेट उडायला शिका, कशाला एकेक जनावर गोळा करत बसायचं?

रानजाई

@ढगात_पाय, घोडं इथेच पेंड खातं. जॅकल, स्प्रिंगरसाठी रचलेल्या दऱ्या वरून उडून ओलांडल्या की त्या नकाशांत उरतं काय? आधी पायाखालून घालावेत, मग उडावं. आणि सीक्रेट्सची स्टोरी एंड ऑफ ड्रॅगन्सनंतरची आहे. यांनी तर २०१६ मध्ये ड्रॅगनची गोष्ट अर्ध्यावर सोडलीये. मधलं सगळं गाळून एकदम तिथे पोचले तर कोण मेलं, कोण जिवंत, काही पत्ता लागणार नाही. स्टोरी हवी आहे असं त्यांनीच लिहिलंय.

घाईत असलेल्या नव्या खेळाडूला मीही सीक्रेट्सच सांगेन. यांना नाही.

ढगात_पाय

स्टोरीचा मुद्दा मान्य. उडण्याचा नाही. :)

भटका_रेंजर

सगळ्यांचे आभार. स्टीमचं कळलं ते फार बरं झालं, कार्टमध्ये टाकून ठेवलं होतं!

स्टोरीवरून आठवलं. तिसऱ्या सीझनचे चौथा, पाचवा, सहावा हे भाग कुलूपबंद दिसतायत. ते न बघता पाथ ऑफ फायर सुरू केलं तर चालेल? आणि माझी गिअर (शस्त्रं, चिलखत, दागिने) आता भंगारात गेली असेल ना? इतक्या वर्षांत लेव्हल कॅप (पात्राच्या लेव्हलची कमाल मर्यादा) कुठल्या कुठे पोचली असेल.

रानजाई

लेव्हल कॅप ८०. तेव्हाही ८०, आजही ८०. असेंडेड दर्जाची गिअर २०१६ मध्ये शेवटची पायरी होती, आकड्यांच्या हिशेबाने आजही तीच आहे. लेजंडरी दर्जाचेही आकडे तेवढेच, फक्त स्टॅट, म्हणजे ताकद कशात हवी ते, हवं तेव्हा बदलता येतं. बाकीचे गेम परतलेल्या माणसाला पहिल्या दिवशी कंगाल करतात, हा करत नाही.

असेंडेड दागिने अर्धवट असतील तर तुमच्याकडे खजिना आहे, तुम्हाला ठाऊक नसेल एवढंच. तिसऱ्या सीझनचा तिसरा भाग तुम्ही आला तेव्हा लॉगिन करून मिळवलाय. त्याचा नकाशा बिटरफ्रॉस्ट फ्रंटियर. तिथल्या विंटरबेरी गोळा करायच्या आणि त्याच नकाशातल्या विक्रेत्याकडे असेंडेड दागिन्यांसाठी मोजायच्या. बर्फात झुडपं दिसतील, एक फेरी मारायला फार वेळ लागत नाही. एका कॅरेक्टरने तोडली की दुसऱ्याने यायचं. रात्री पहिली दहा मिनिटं एवढंच करा, महिन्याभरात चित्र पालटेल.

राहिलेले तीन भाग प्रत्येकी २०० जेमचे (गेमच्या दुकानातलं चलन). जेम गेममधलं सोनं देऊनही मिळतात, पैसेच खर्च करायला हवेत असं नाही. आणि ते बघाच. पाथ ऑफ फायरचा खलनायक त्या भागांतूनच उभा राहतो. पुढे चौथा सीझन आणि आइसब्रूड सागा हे दोन्ही पाथ ऑफ फायरवर अवलंबून आहेत, म्हणजे ते घेतल्यावर पुढचं बरंच दालन उघडतं. त्यांचे भाग मात्र वेगळे विकत घ्यावे लागतात, तेव्हा एकेक करून घ्या. गठ्ठा नको.

एडिसनकर

मी न्यू जर्सीतून अमेरिकन सर्व्हरवर खेळतो, तरी दोन गोष्टी सांगतो.

सोलबीस्ट पूर्ण उघडायला २५० हीरो पॉइंट लागतात. जुन्या नकाशांतल्या हीरो चॅलेंजचा (ठराविक ठिकाणी जाऊन पार करायचं आव्हान) एक मिळतो, हार्ट ऑफ थॉर्न्स आणि पाथ ऑफ फायरमधल्या प्रत्येकाचे दहा. म्हणजे २५ ठिकाणी जायचं, झालं. हार्ट ऑफ थॉर्न्समधली राहिली असतील तर तीच उरका. टँगल्ड डेप्थ्समध्ये मात्र एकटे शिरू नका. त्या तीन मजली भुलभुलैयात माउंट असूनही वाट चुकते. हीरो पॉइंटच्या ट्रेन, म्हणजे एकत्र फिरणारे घोळके, निघतात, त्यांच्या मागे लागा.

वेळेबद्दल: तुमचे रात्रीचे साडेदहा म्हणजे हिवाळ्यात जर्मनीत संध्याकाळचे सहा. लोक कामावरून येऊन बसायच्या वेळेला तुम्ही हजर. माणसं मिळतील.

दिवाळीचं म्हणाल तर एंड ऑफ ड्रॅगन्स. कँथा हा प्रदेश, मासेमारी, होडी, आणि ते कासव. कासवावर दोघं बसतात, एक हाकतो, दुसरा तोफा डागतो. लेक मोठी झाली की उपयोगी पडेल. :) जांथिर वाइल्ड्समध्ये स्वतःचं घर सजवता येतं आणि सगळ्यांना जमिनीवर भाला मिळतो. छान आहे, पण तुम्हाला इतक्यात त्याची गरज नाही. व्हिजन्स ऑफ इटर्निटी सगळ्यांत नवं, ते पुढच्या वर्षी सेलमध्ये बघा.

खडूस_नेक्रो

एडिसनकरांना +१. आणि पैसे भरायच्या आधी सपोर्टच्या पानावर जाऊन खात्याचा ईमेल बदलून घ्या. जुना कॉलेजचा ईमेल असेल आणि तो बंद पडला असेल, तर नंतर पासवर्ड गेल्यावर बोंब.

भटका_रेंजर

ईमेल जुनाच निघाला, बदलला. काल पाथ ऑफ फायर घेतलं. कार्ड दोनदा नाकारलं गेलं. बँकेच्या ॲपमध्ये परदेशी ऑनलाइन व्यवहार बंद होते, ते चालू केल्यावर एका झटक्यात झालं. इथले बाकीचे घेणार असतील तर आधी तेवढं बघून ठेवा.

सोनं मोजलं, दोन भागांचे जेम सहज निघतायत. तिसऱ्यासाठी ऑरिक बेसिनला जातोय. ऑक्टोव्हाइन (तिथला मेटा इव्हेंट) अजूनही दर दोन तासांनीच ना?

रानजाई

हो, दर दोन तासांनी. सुरू व्हायच्या दहा-पंधरा मिनिटं आधी पोचा, नाहीतर भरलेल्या नकाशात जागा मिळत नाही. आणि रॅप्टर मिळाला की मास्टरीचा (माउंटची कौशल्यं वाढवायची सोय) पहिला पॉइंट लांब उडीत टाका, बाकी सगळं नंतर.